शेवटचा फर्मा

"अप्पा, मोतीबिंदू पिकलाय. आता थांबलात तर डोळाच जाईल," डॉक्टर म्हणाले.

"बारावा भाग येऊ द्या," मामंजी म्हणाले.

डॉक्टर सोलापूरहून नेत्रशिबिराच्या आधीच्या तपासणीला आले होते, गावात नवखे. त्यांना वाटलं, बारावा भाग हे कुठल्या तरी वैद्याचं औषध असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आत्याबाईंकडे पाहिलं, आणि आत्याबाईंनी सुपातल्या तांदळाकडे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत.

"कादंबरीचा बारावा भाग," शेवटी मीच सांगितलं. "तो कुणाकडून वाचून घेतला की मगच ते ऑपरेशन करणार म्हणतात."

"केव्हा येणार आहे?"

"येईल," मामंजी म्हणाले. "आज ना उद्या येईल. सहा वर्षं वाट बघितली, आता काय घाई आहे?"

ही करमाळ्याची गोष्ट. मी लग्न होऊन त्या घरात आले त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आज मी तेव्हाच्या मामंजींपेक्षा म्हातारी आहे आणि माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं चहा गार व्हायच्या आत उरकली. त्यामुळे आताच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. पण त्या काळी मोतीबिंदू काढला की माणसाला आठवडा-दहा दिवस पाठीवर झोपवून ठेवत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून. आणि त्या काळी गावंच्या गावं एका पुस्तकासाठी खोळंबून राहत, हेही तितकंच खरं.

पुस्तकाचं नाव 'कनकशिखा'. लेखकाचं नाव मुद्दाम घेत नाही. बिचारे गेले, आणि जाण्याआधी त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं. वज्रदुर्गाची राजकन्या कनकशिखा, तिच्या बापाच्या चंदनी सिंहासनावर हक्क सांगणारे दोन राजपुत्र शार्दूलसेन आणि अरिदमन, आणि त्या दोघांना झुंजवत ठेवणारा भस्मनाथ नावाचा मांत्रिक. अकरा भाग निघाले होते. अकराव्याच्या शेवटच्या पानावर कनकशिखा बुरुजाच्या पायऱ्या चढायला लागली, खाली दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी ठाकली, आणि लेखकांनी लिहिणं थांबवलं. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता असं कुणी म्हणे, कुणी म्हणे त्यांनाच पुढचं सुचत नाही. राजकन्या सहा वर्षं पायरीवर एक पाय टाकून उभी होती.

मामंजी निवृत्त पोस्टमास्तर, महारुद्रअप्पा शेटे. ते अरिदमनवाले. तालुक्याच्या कोर्टातले बोराडे वकील शार्दूलवाले. गावच्या वाचनालयात दोघं रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसत आणि वर्तमानपत्राची पानं एकमेकांच्या हातात न देता मध्ये ठेवत. बाकीचं गाव या दोघांत वाटलं गेलं होतं. शार्दूलवाल्यांच्या घरी अरिदमनवाल्यांची मुलगी द्यावी की नाही, इथपर्यंत एकदा गोष्ट गेली होती. मुलगी दिली, पण पंगतीत वाद झालाच.

आमच्या घरात तर प्रत्येक गोष्ट बाराव्या भागाला बांधलेली. माडीची गळती बाराव्या भागानंतर काढायची. काशीला बाराव्या भागानंतर जायचं. डोळे धड होते तोवर मामंजींनी अकराही भाग घरी मोठ्यानं वाचले होते, एकदा नव्हे, अनेकदा. आत्याबाई समोर बसून काही ना काही निवडत असायच्या. ऐकत नाही असं दाखवायच्या, आणि मग मध्येच म्हणायच्या,

"बारा हजारांचं सैन्य चार भाग झाले डोंगरात बसलंय. त्यांच्या भाकरी कोण भाजतंय?"

"तुला वाङ्मयातलं काय कळतंय?" मामंजी पुस्तकातून मान वर करून म्हणत.

"कळत नाही म्हणूनच विचारते. आणि त्या पोरीची आई दुसऱ्या भागात वेशीवर दिवा घेऊन उभी राहिली होती. ती अजून तिथंच आहे का?"

याचं उत्तर खुद्द लेखकांकडेही नसावं. मामंजी पान उलटत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेत नेत्रशिबिर भरणार होतं. मामंजींचा एक डोळा पूर्वीच गेल्यात जमा होता, दुसऱ्याला माणूस नुसता सावलीसारखा दिसे. तरी ते हटून बसले. त्यांची भीती ऑपरेशनची नव्हतीच. पट्टी बांधलेली असताना पुस्तक आलं तर काय, ही त्यांची भीती. गावात आजाऱ्याच्या समाचाराला जायची रीत. हलता येत नाही, उठून जाता येत नाही, अशा माणसाच्या उशाशी बसून बोराडे वकील शेवट सांगून टाकणार, हे त्यांना डोळ्यांनी दिसत नसलं तरी लख्ख दिसत होतं.

मग प्रकाशकाचं कार्ड आलं. काटकर ग्रंथपालांनी ते वाचनालयाच्या फळ्यावर टाचून ठेवलं: कागदटंचाईमुळे बारावा भाग होळीनंतर. गावावर सुतक पडल्यासारखं झालं. एकटे मामंजी घरी आले आणि म्हणाले, "कावेरी, डॉक्टरांना सांग, काढा म्हणावं डोळा."

"डोळा नाही मामंजी, मोतीबिंदू," मी म्हटलं.

चौथीच्या वर्गात दोन रांगांत खाटा टाकल्या होत्या. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, कपाटात मुलांची पुस्तकं, आणि खाटांवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेले डझनभर म्हातारे. एका खाटेला एक नातेवाईक अशी परवानगी होती. आम्ही सासूसुना आळीपाळीनं आणि बहुतेक वेळ दोघीही तिथंच असू. शाळेच्या मागच्या अंगणात चुली मांडल्या होत्या. शेजारच्या खाटेवर केमचे कुंकवाचे व्यापारी नामदेव तात्या होते, चांगले बोलघेवडे. डॉक्टरांनी सगळ्यांना एकदम समज दिली. मान हलवायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. "उठून बसलात तर टाका सुटेल आणि डोळ्यातलं पाणी बाहेर येईल. मग मला हाक मारू नका."

मामंजी ओंडक्यासारखे पडून राहिले. दोन दिवस गेले असतील नसतील, एस.टी.च्या पार्सलनं बारावा भाग आला.

कार्ड चुकीचं होतं की प्रकाशकाला कुठून कागद मिळाला, देव जाणे. काटकर ग्रंथपाल पार्सल डोक्यावर घेऊन स्टँडवरून वाचनालयात आले आणि त्यांच्या मागून मिरवणूक. एकच प्रत. आमच्या वाचनालयाचा नियम असा, की नवं पुस्तक आधी बार्शीला बाइंडरकडे जायचं, पुठ्ठ्याची पक्की बांधणी होऊन यायचं आणि मग सभासदांच्या हाती पडायचं. त्याला महिना लागे. महिना कुणीच थांबायला तयार नव्हतं. तातडीची बैठक बसली. पहिल्यांदा पुस्तक कुणाला द्यायचं यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांची कुळं काढली. जाहीर वाचन करावं, तर वाचणारा शार्दूलवाला असला की अरिदमनाची वाक्यं मुद्दाम रडक्या आवाजात वाचणार, असा आक्षेप आला. शेवटी बोराडे वकिलांनी तोड काढली. बाइंडर पहिल्यांदा काय करतो? शिवण उसवतो. मग ती आपणच उसवू. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्या, छापखान्यात त्यांना फर्मे म्हणतात. एकेक फर्मा एकेका घरी द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी सरकवायचा, आणि सगळ्यांचं वाचून झालं की गठ्ठा बांधून बार्शीला. कुणाला कुठला फर्मा आधी, ते चिठ्ठ्या टाकून.

सगळ्यांना ही तोड न्याय्य वाटली. न्याय्य होतीच. फक्त पुस्तक हे पुढून मागं वाचायचं असतं, एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढचा आठवडा करमाळ्यात कुणी कुणाशी धड बोललं नाही. कुणाच्या वाट्याला आधी प्रेतयात्रा आली आणि मग आजार. कुणी मागल्या एका लढाईचा निकाल वाचून बसला होता आणि लढाई कशावरून झाली हे त्याला शनिवारी कळायचं होतं. समोरून माणूस येताना दिसला की लोक कानांवर हात ठेवून गल्ली बदलत. सोनारगल्लीतल्या एका शहाण्या माणसानं मधला फर्मा वाचून भस्मनाथाच्या मंत्राचं गुपित फोडलं, तर अलीकडचा फर्मा वाचलेल्यानं त्याच्याशी कायमचं बोलणं टाकलं.

आणि ही सगळी माणसं, केळी घेऊन, मामंजींच्या समाचाराला यायला लागली.

मामंजींनी माझ्याकडून कापूस मागवून घेतला आणि दोन्ही कानांत बोळे घातले. डॉक्टर सकाळच्या फेरीला आले तेव्हा चक्रावले. "यांचे कान कुणी ऑपरेट केले?" त्यांनी विचारलं. तरी लोक वाकून बोलायचे. आत्याबाई खाटेच्या उशाशी बसून असत. समाचाराला आलेल्या माणसानं "अप्पा, एक गंमत सांगू का," म्हणून तोंड उघडलं, की त्यानंच आणलेल्या केळ्यांतलं एक सोलून त्या त्याच्या हातात देत. तोंड भरलं की माणूस उठून जातो, हा त्यांचा अनुभव.

काटकर भले गृहस्थ. मामंजींसाठी त्यांनी वेगळी व्यवस्था केली. चिठ्ठ्या-बिठ्ठ्या बाजूला ठेवून ते फर्मे क्रमानं, वर्गाच्या मागच्या दारानं माझ्याकडे आणून देत. मी मामंजींच्या कानातले बोळे काढून त्यांना वाचून दाखवायची आणि वाचून झालं की बोळे परत घालायची. सगळी खोली ऐके. नामदेव तात्यांना आधीच्या अकरा भागांतलं काही ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून तेही "पोरी, आज उशीर केलास" म्हणायला लागले. करता करता एकच फर्मा उरला. कनकशिखा बुरुजावर पोचली होती. खाली रणशिंगं वाजली होती.

त्या दिवशी दुपारी काटकर आले ते रिकाम्या हातांनी.

"शेवटचा फर्मा मी मुद्दाम मागं ठेवला होता. चिठ्ठीत तो पहिल्यांदा बोराडे वकिलांकडं गेला," ते म्हणाले. "त्यांची पाळी काल संपली. मागितला तर देईनात. म्हणाले, पोस्टमास्तरांचे डोळे बांधलेत, त्यांना कागदाचा काय उपयोग? कोर्ट सुटलं की मी स्वतः येऊन तोंडी सांगतो."

मी बोळे घालायला विसरले होते. मामंजींनी सगळं ऐकलं. वाळूच्या पिशव्यांमधला त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझी काठी दे," ते म्हणाले.

"मामंजी, हलू नका."

"डोळा गेला तर गेला. दुसरं काही गेलं तरी चालेल. त्या बोराड्याच्या तोंडून मी शेवट ऐकणार नाही." आणि त्यांनी खरोखरच कोपर टेकून खांदा उचलला. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी त्यांना खाली दाबलं. नामदेव तात्या पलीकडून म्हणाले, "अप्पा, डोळा जाईल की ओ." मामंजींचा श्वास भात्यासारखा चालू होता. कपाळावरची शीर उभी राहिली होती.

"जा, घेऊन ये," आत्याबाई मला म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पाया पड त्याच्या, पण घेऊन ये."

मी कोर्टात धावले. सूनबाई डोक्यावरचा पदर सोडून धावतेय हे बाजारानं पाहिलं. वकील न्यायाधीशांपुढं उभे राहून कुणाच्या तरी बांधाचा वाद सांगत होते आणि काळ्या कोटाच्या खिशातून फर्म्याचं टोक बाहेर आलेलं मला दारातून दिसत होतं. मी खुणा केल्या. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली. शिपायानं मला बाहेर काढलं. बाहेर थांबले, तर कारकून म्हणाला, अजून दोन साक्षीदार आहेत. मग मात्र माझा धीर सुटला. वाटलं, इथं आपण उभ्या आणि तिकडं ते उठून बसले असतील.

परत आले तर वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर दुसऱ्या खोल्यांतल्या बायका गर्दी करून उभ्या. मी त्यांच्यातून वाट काढली. पण रडण्याचा आवाज नव्हता. आतून आत्याबाईंचा आवाज येत होता.

"...आणि कनकशिखेनं हात वर केला. रणशिंगं थांबली. दोन्ही सैन्यांनी मान वर करून पाहिलं. तिनं मोठ्यानं विचारलं, जेवलात का? कुणी बोलेना. इतकी वर्षं झाली, त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग एक म्हातारा शिपाई म्हणाला, नाही बाई."

मी दारात उभी राहिले. मामंजी वाळूच्या पिशव्यांमध्ये निश्चल पडले होते. सगळे म्हातारे निश्चल पडले होते, पट्ट्या बांधलेले चेहरे छताकडं. आणि उशाशी स्टुलावर बसून आत्याबाई वाचत होत्या. फर्मा आला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं असावं, पण त्यांच्या हातात कपाटातलं तिसरीचं अंकगणित होतं. मधूनमधून त्या त्याचं पान उलटत, चांगला आवाज येईल असं.

त्यांनी मला पाहिलं. डोळ्यांनीच सांगितलं, उभी राहा तिथंच, तोंडातून शब्द काढू नकोस. आणि पुढं वाचायला लागल्या.

कनकशिखेनं भांडारगृह उघडायला लावलं. धान्य होतं, पण सरपण नव्हतं. सगळी लाकडं अकरा भागांतल्या चितांना लागली होती. तेव्हा तिनं सिंहासन बाहेर आणायला सांगितलं. चंदनाचं सिंहासन, ज्याच्यासाठी दोन पिढ्या कापल्या गेल्या. ते तिनं कुऱ्हाडीनं फोडवलं आणि चुलींना घातलं. चंदनाच्या धुराचा वास सगळ्या मैदानात पसरला. शार्दूलसेन आणि अरिदमन धावत आले, तर ती म्हणाली, बसा, पानं मांडलीत. बसायला गादी उरली नव्हती, म्हणून दोघं जमिनीवर शेजारी-शेजारी बसले. तिनं स्वतः वाढलं. आणि भस्मनाथ, ज्याचा मंत्र दोघं भांडत असेपर्यंतच चालायचा, तो पंगतीच्या टोकाला येऊन वाटी पुढं करून उभा राहिला.

"त्याला वाढलं का?" नामदेव तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

"वाढलं," आत्याबाईंनी पान उलटत वाचलं. "कनकशिखा म्हणाली, दारात आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही."

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. ते आत्याबाईंच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी अंकगणिताकडं पाहिलं, त्यातल्या गुणाकारांकडं पाहिलं, मग वाकून मामंजींची नाडी धरली. थोडा वेळ मोजली.

"पुढं वाचा," ते म्हणाले.

पंगती उठल्यावर कनकशिखा एकटी वेशीकडं चालत गेली. वेशीवर तिची आई दिवा घेऊन उभी होती. लेकीनं विचारलं, इतकी वर्षं दिवा कसा राहिला? आई म्हणाली, तेल घालत होते. मग मायलेकी आत गेल्या.

आत्याबाईंनी पुस्तक मिटलं. "संपलं," त्या म्हणाल्या.

 डॉक्टर एकदम ओरडले, "कुणीही रडायचं नाही. डोळ्यात मीठ जाईल," आणि स्वतः खिडकीपाशी गेले.

कोर्ट सुटल्यावर बोराडे वकील आले. मला वाटलं होतं, आता विजयानं फुगलेलं तोंड बघायला मिळेल. पण ते फार उतरलेल्या चेहऱ्यानं स्टुलावर बसले. "अप्पा," ते म्हणाले, "शेवटच्या फर्म्यात..."

"झाला ऐकून," मामंजी शांतपणे म्हणाले. "फार सुंदर शेवट केलाय. काय लिहितो माणूस."

वकिलांनी खिशाला हात लावून पाहिला. फर्मा जागेवर होता. ते मामंजींकडं पाहत राहिले. आत्याबाईंनी त्यांना केळं सोलून दिलं. ते त्यांनी खाल्लं आणि निघून गेले.

ते असे का वागले, ते चार दिवसांनी सगळ्या गावाला कळलं. शेवटचा फर्मा त्यांनी सोडला आणि घरोघर फिरला. बुरुजावर उभ्या असलेल्या कनकशिखेला कोंबडा आरवल्याचा आवाज येतो. ती डोळे उघडते. ती वज्रदुर्गाची राजकन्या नसतेच. एका धर्मशाळेच्या ओसरीवर झोपलेली मुलगी असते. बारा भाग झाले ते सगळं स्वप्न. समाप्त. वकिलांनी हे दोन दिवस एकट्यानं छातीत दाबून ठेवलं होतं. सांगायला त्यांना गावात एकच माणूस होता, आणि तो शाळेत डोळे बांधून पडला होता.

मामंजींची पट्टी निघाली. डोळा वाचला. सोलापूरहून बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा आला. त्यांच्या पाळीप्रमाणे शेवटचा फर्माही घरी आला. काटकरांनी तो त्यांच्या हातात दिला आणि मान खाली घालून निघून गेले. आत्याबाई त्या दिवशी चुलीपुढून हलल्या नाहीत. मला दोनदा विचारलं, "काय करतायत? वाचलं का?" मी डोकावून पाहिलं. मामंजी चष्मा लावून झोपाळ्यावर बसले होते, फर्मा मांडीवर होता. वाचत होते की नुसते बसले होते, मला सांगता येईना. संध्याकाळी त्यांनी तो घडी घालून वाचनालयात परत दिला. घरात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

रविवारी निषेधसभा होती. लेखकाच्या निषेधाचा ठराव करून पुण्याला प्रकाशकाकडे पाठवायचा होता. मामंजींच्या डोळ्यांत थेंब घालायचे म्हणून मी बरोबर गेले आणि बायकांच्या बाजूला बसले. इतकी गर्दी वाचनालयात निवडणुकीलाही झाली नव्हती. शार्दूलवाले आणि अरिदमनवाले पहिल्यांदाच मिसळून बसले होते. बोराडे वकिलांनी ठराव वाचला: तमाम वाचकवर्गाची घोर फसवणूक झाल्याबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते. दुःख तीव्र असावं की संताप तीव्र असावा, यावर दुरुस्त्या आल्या. एकानं लेखकाला समन्स काढण्याची सूचना मांडली. दुसऱ्यानं विचारलं, कलम कुठलं लावायचं? वकील विचारात पडले.

तेव्हा मामंजी उठले.

"कसलं स्वप्न?" ते म्हणाले. "मी ऐकला त्यात असलं काही नव्हतं."

मागून केमचे नामदेव तात्या उठले. त्यांचाही नवा चष्मा होता. बाजाराला आले होते ते सभेत शिरले होते. "माझ्याही कानांनी ऐकलंय," ते म्हणाले. "सिंहासन चुलीला घातलं. आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. केममध्ये तर आता पोराटोरांना पाठ आहे."

सभेत गलका झाला. वकिलांनी टेबलावर हात आपटला. फर्मा एकच आहे, तो सगळ्यांनी वाचलाय, मग हे दुसरं कुठून आलं? "अप्पा, प्रत दाखवा," ते म्हणाले.

मी पदर तोंडाला लावला. मामंजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आमच्या घरच्या प्रतीत तसं आहे," ते म्हणाले, आणि मग उभ्या उभ्या त्यांनी ते सांगितलं. जेवलात का, इथपासून दिव्यात तेल घातलं, इथपर्यंत. वाङ्मयातलं काय कळतंय, असं ज्यांनी जन्मभर विचारलं त्यांनीच शब्द न् शब्द सांगितला. त्यांचं सांगून झाल्यावर काटकर ग्रंथपाल उपरण्यानं नाक पुसत होते.

 मग बोराडे वकील म्हणाले, "पंगतीत शार्दूलसेनाला कुठल्या हाताला बसवलं?"

"उजव्या," मामंजी म्हणाले. हे आत्याबाईंनी वाचलेलं नव्हतं. हे त्यांनी त्या क्षणी वकिलांसाठी घातलं.

"मग ठीक आहे," वकील म्हणाले आणि बसले.

ठराव एकमतानं झाला, पण दुसराच. काटकरांनी प्रकाशकाला लिहिलं: बाराव्या भागाच्या आमच्या प्रतीत शेवटचा फर्मा भलत्याच पुस्तकाचा लागला आहे. तो सोबत परत पाठवत आहोत, तरी योग्य तो फर्मा टपालानं पाठवून द्यावा. प्रकाशकाचं उत्तर कधी आलं नाही. तो भाग तसाच, शेवटाशिवाय, बार्शीहून बांधून आला आणि मी शेवटची त्या वाचनालयात गेले तेव्हाही तसाच होता.

परतताना मी मामंजींचा हात धरून चालत होते. नव्या चष्म्यातून त्यांना जमीन वर आल्यासारखी दिसे.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"तुझी सासू वर्तमानपत्र वाचते तेव्हा तिला ओळीओळीला ठेच लागते," ते म्हणाले. "त्या दिवशी एक खडा लागला नाही. बुरुजावरून हात वर केला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर ती थांबली असती." थोडं चालून ते म्हणाले, "डोळ्याचं मग मला काही वाटेना. पुढं काय होतंय ते ऐकायचं होतं."

घरी आलो तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. सभेत काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.  मी ताट वाढलं, ते पाटावर बसले. पहिली भाकरी पानात पडली. त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि हात तसाच ठेवून म्हणाले,

"अगं, ती आईकडं गेली खरी. पण पुढं?"

आत्याबाईंचा हात तव्यावर थांबला. त्यांची आमच्याकडं पाठ होती.

"कुठलं पुढं?" त्या म्हणाल्या. "पुस्तक संपलं ना?"

"त्यांचं संपलं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आत्याबाईंनी भाकरी उलटली, तिच्या कडेवर बोट दाबून पाहिलं, ती तव्यावरून काढून निखाऱ्यांच्या आरावर उभी केली. 

"चार दिवस राहिली आईकडं," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी सकाळी वेशीवर कुणी तरी येऊन उभं राहिलं."

"कोण?"

"जेवा आधी."

पण मामंजींनी घास तोंडात घातला नाही. तो हातात धरून, जाड भिंगांतून, ते आत्याबाईंच्या पाठीकडं बघत बसले.